तीन ठोके म्हणजे ये

१

या बहीणभावाला लोक बोलवायचे ते सगळे उपाय थकल्यावर. आधी घरातला उंटावरचा शहाणा स्वतः हात घालून बघायचा. मग कोपऱ्यावरचा प्लंबर येऊन दोन फरश्या फोडून जायचा. मग रंगारी ओलीवर रंग फासायचा, आणि तो रंग पोपडे धरून पायाशी गळून पडला, की कुणीतरी सांगायचं, "अहो, त्या कानवाल्या ताईला बोलवा ना."

कानवाली ताई म्हणजे दोघांतली थोरली. पन्नाशीला आलेली, अंगानं काटकुळी, बोलायला तुटक. तिच्याजवळ वडिलांची एक पितळी दांडी होती. दांडीचं एक टोक भिंतीला टेकवायचं, दुसऱ्या टोकाला बसवलेली लाकडी वाटी कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि मान कलती करून उभं राहायचं. भिंतीच्या पोटात पाणी कुठे झिरपतंय ते तिला ऐकू यायचं. "भिंतीला कान असतात म्हणतात," ती म्हणायची, "नसतात. आपले न्यावे लागतात."

धाकट्याचं उलटं. तरुणपणी रस्ते फोडायच्या यंत्रावर काम करून त्याचे दोन्ही कान गेले होते. समोर उभं राहून बोललं तर तो ओठांवरून समजून घ्यायचा. लग्नाचं का जमलं नाही असं कुणी विचारलं की ताईच उत्तर द्यायची, "कितीजणींनी हाका मारल्या, याला ऐकूच आल्या नाहीत." यावर तो सगळ्यांआधी हसायचा. चेष्टा आपलीच चाललीय एवढं त्याला न ऐकताही कळायचं.

कामाची पद्धत ठरलेली होती. ताई भिंतीपाशी, धाकटा खाली मुख्य व्हॉल्व्हपाशी. हाक त्याला ऐकू जायची नाही, तळघरात फोन लागायचा नाही, म्हणून दोघं जुन्या लोखंडी पाइपातूनच बोलायची. धाकटा एका हाताचा तळवा सतत पाइपावर ठेवायचा आणि दुसऱ्या हातात पाना धरायचा. एक ठोका म्हणजे बंद. दोन म्हणजे सोड. आणि गळती सापडली की ताई वरून तीन ठोके द्यायची. तीन म्हणजे ये. ही भाषा वडिलांची. दोघं लहान असताना वडील गच्चीवरच्या टाकीपाशी त्यांना खेळायला सोडायचे आणि जेवण वाढलं की खालून पाइपावर तीन ठोके द्यायचे. पोरं असतील तिथून पळत सुटायची.

घर दर वेळी नवं, माणूस नवं, रडगाणं नवं. काम झालं की दोघं निघायची. त्या घरात पुन्हा जायची वेळ येत नसे, आणि ती येऊ नये हीच कामाची पावती.

२

त्या दिवशी एका शिंप्याकडे काम होतं. पुढे दुकान, मागे घर. तयार कपड्यांचं कपाट ज्या भिंतीला लागून होतं ती भिंतच ओली झाली होती.

"हे बघा ताई," शिंप्यानं एका कोटाची कॉलर उलटून दाखवली. आत हिरवट बुरशी धरली होती. "गिऱ्हाईक विचारतं, कोट शिवलाय की पेरलाय? तीन पिढ्यांचं दुकान आहे माझं. आता लोक समोरच्याकडे जायला लागलेत, आणि तो समोरचा धड बटणसुद्धा लावत नाही हो!"

ताईनं त्याला गप्प बसायची खूण केली. कपाट सरकवलं, दांडी टेकवली. आत कुणी कागदावर कागद घासावा तसा आवाज सलग येत होता. पाणी तर होतंच, पण नेमकं कुठे हे मुख्य लाइन बंद झाल्याशिवाय कळणार नव्हतं. ती खालून धाकट्याच्या ठोक्याची वाट पाहत राहिली.

पाइपावर एक ठोका आला. आवाज बारीक होत गेला आणि मिटला. उरलेले चार थेंब जिथे टपटपले तिथे तिनं खडूनं फुली मारली, आणि सवयीनं पाइपावर तीन ठोके दिले.

तेवढ्यात धाकटा दुकानाच्या पुढच्या दारातून, रस्त्याकडून आत आला. हातात पाना होता.

"गाडीतच राहिला होता बघ," तो म्हणाला. "आता जातो खाली. शिंपीदादा, तळघराची किल्ली द्या."

शिंप्यानं खिशातून किल्ली काढून दिली.

ताई त्याच्याकडे पाहतच राहिली. मग ती त्याच्या मागोमाग जिना उतरली. तळघराच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. आत कुणी नव्हतं, आणि असावं इतकी जागाही नव्हती. व्हॉल्व्ह बंद होता. तो सोडायला धाकट्याला दोन्ही हात लावावे लागले.

"जुना माल आहे," घरी जाताना तो म्हणाला. "आतली चकती सुटली असणार. पडली ती बसली."

"आणि ठोका?"

"पाणी एकदम अडलं की पाइप वाजतोच. हे मी तुला सांगायचं?"

खरं होतं ते. असे ठोके तिनं जन्मभर ऐकले होते. तिला ते पटलं. निदान तिनं पटवून घेतलं. फक्त संध्याकाळी भांडी घासताना एक गोष्ट मनात आली आणि तिचा हात क्षणभर थांबला. पाणी बंद करणारं जे काही होतं, त्याला आपण वर ये म्हटलं होतं.

३

पुढचं घर एका निवृत्त गणिताच्या मास्तरांचं. एकटेच राहायचे. त्यांच्या न्हाणीघरातून खालच्यांच्या छताला ओल जात होती, आणि खालचा माणूस रोज वर येऊन दार वाजवत होता.

"त्याचं काही नाही हो," मास्तर म्हणाले. "शिव्या देतो आणि जातो. पण माझ्या मुलीला कळलं तर ती हे घर विकायला लावेल. म्हणेल, बाबा, तुम्हाला आता झेपत नाही. एकदा का तिच्याकडे गेलो की संपलं. ती माझी चप्पलसुद्धा कपाटात ठेवते. मागून घ्यावी लागते."

धाकटा खाली गेला. ताईनं दांडी लावली आणि कुठून सुरुवात करावी याचा विचार करत होती, तोच तिच्या गुडघ्याजवळ भिंतीच्या आतून कुणीतरी हलकेच ठोकलं. ती तिकडे सरकली. ठोका आणखी डावीकडे गेला. ती डावीकडे सरकली. फरशीच्या सांध्यापाशी तो थांबला आणि तिथेच वाजत राहिला, एखाद्यानं नकाशावर बोट आपटून दाखवावं तसा.

गळती बरोबर तिथेच होती. एकच फरशी काढावी लागली. मास्तरांना इतका आनंद झाला की ते स्वतः खाली जाऊन त्या शेजाऱ्यालाच पाहायला घेऊन आले.

दोघं निघायच्या आधी ताईनं धाकट्याला न्हाणीघरात बोलावलं आणि स्टुलावर बसवलं.

"दोन्ही हात मांडीवर ठेव. हलू नकोस."

"फोटो काढतेयस का?"

"गप्प बस."

तिनं पाइपावर एक ठोका दिला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग खालून, बऱ्याच खालून, एक ठोका परत आला. तिनं दोन दिले. दोन आले. धाकट्याला काही ऐकू येत नव्हतं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिनं त्याचा हात धरून पाइपावर ठेवला आणि पुन्हा एक ठोका दिला.

उत्तर आलं तेव्हा त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं.

"हवा असेल," तो म्हणाला.

"हवा मोजून येते का?"

मास्तरांनी दारातून डोकावून चहा घेता का असं खुणेनं विचारलं. दोघांनी एकदमच नको म्हटलं.

४

ताई काही भित्री नव्हती. भिंतींच्या पोटातले आवाज ऐकण्यात जिचा जन्म गेला तिला उंदीर कसा पळतो, लाकूड कसं आखडतं, शेजारची बाई लाटणं कसं आपटते, सगळं ओळखता येतं. म्हणून तर तिला बरं वाटेना. हा आवाज तिला ओळखता येत होता. पाना उलटा धरून, त्याच्या मुठीनं दिलेला ठोका. दुसरा पहिल्यापेक्षा हलका. असे ठोके फक्त धाकटा द्यायचा.

त्यानंतरच्या घरात एक नवी आई होती. तान्ह्या मुलाच्या पाळण्यावरच छतातून थेंब पडत होते आणि ती पाळणा ओढत ओढत साऱ्या खोलीभर फिरत होती. "आता हा कोपरा तेवढा राहिलाय," ती हसून म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. ताईनं मूल आपल्याकडे घेतलं, तिला तोंड धुवायला पाठवलं, आणि मूल कडेवर घेऊनच दांडी भिंतीला लावली.

या वेळी ठोका खालून आला नाही. समोरून आला, दांडीच्या टोकाच्या बरोबर पलीकडून. इतका जवळ, की कडेवरच्या मुलानं मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

भिंतीपलीकडे कुठली खोली, असं ताईनं विचारलं.

"कुठलीच नाही," ती बाई टॉवेलनं तोंड पुसत म्हणाली. "ती बाहेरची भिंत आहे."

ताईनं खिडकीतून डोकं काढून पाहिलं. चार मजल्यांची सरळ, गुळगुळीत भिंत. पाइपसुद्धा नव्हता. खाली अंगणात धाकटा उभा राहून तिच्याकडे बघून हात हलवत होता.

त्या दिवसापासून तिनं कानाला खडा लावला. जुन्या इमारती घ्यायच्याच नाहीत. नव्या इमारतींत पाइप प्लास्टिकचे. प्लास्टिकात ठोका मरतो. तिथे ती धाकट्याला आपल्या शेजारीच उभं करायची आणि व्हॉल्व्ह बंद करायला घरातल्याच कुणाला तरी पाठवायची. काम दुप्पट वेळ खायचं, पण भिंतीतून पाण्याशिवाय काही ऐकू यायचं नाही. धाकटा कुरकुरायचा, "मी काय शोभेला आहे का?" ती म्हणायची, "शोभेला कोण ठेवील तुला?"

बरेच दिवस असे चांगले गेले.

५

मग बेकरीवाला आला. फोन करून नाही, स्वतः दारात येऊन उभा राहिला. हाताला पिठाची पुटं, डोळे सुजलेले.

बेकरीखालचा हौद गळत होता आणि पाणी भट्टीच्या पायात शिरत होतं. "भट्टी खचली तर वर माझी म्हातारी आई झोपते," तो म्हणाला. "तिला हलवताही येत नाही. डॉक्टर म्हणतात, हलवू नका. इंजिनिअर म्हणतो, ताबडतोब हलवा. मी काय करू ते मला कुणीच सांगत नाही."

इमारत जुनी होती. ताईनं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण धाकट्यानं आधीच पिशवी उचलली.

हौद जमिनीखाली होता. मधे भिंत, भिंतीला कमरेच्या उंचीवर माणूस सरपटत जाईल एवढं भोक, आणि त्यातून पलीकडे गेलेला लोखंडी पाइप. अलीकडचा कप्पा उपसून कोरडा केला होता. पलीकडच्यात भोकाच्या काठापर्यंत पाणी होतं, आणि त्याला तळ कुठे आहे हे बेकरीवाल्यालाही ठाऊक नव्हतं. फट सापडते का ते बघायला धाकटा शिडीनं अलीकडच्या कप्प्यात उतरला. ताई वर, भट्टीशेजारच्या व्हॉल्व्हपाशी बसली.

"ठोके नाहीत हं," तिनं त्याला समोर धरून सांगितलं होतं. "काय असेल ते वर येऊन सांग."

"बरं बाई."

ती व्हॉल्व्हवर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. भट्टी विझवलेली होती, तरी भिंत कोमट होती. वरून बेकरीवाल्याच्या आईचा खोकला येत होता.

पाइपात दोन ठोके आले. सोड.

तिनं हात घट्ट धरले. पुन्हा दोन आले. हुबेहूब धाकट्याची मूठ. तो विसरला असेल का? विसरभोळा तर होताच. पण तो आत असताना पाणी सोड असं तो कशाला म्हणेल? ठोके थांबले. मग तिला आणखी एक आवाज आला, आणि तो तिच्यासाठी नव्हता. तो दुसरीकडे चालला होता, हौदाकडे. तीन ठोके, पहिला जरा ओढून दिलेला. स्वतःचा आवाज माणसाला ओळखता येत नाही म्हणतात, पण आपल्या हाताचा ठोका तिला ओळखता आला.

ती उठून पळाली.

हौदाच्या तोंडातून खाली पाहिलं तर धाकटा दिसेना. कंदील होता, पाना होता. मग मधल्या भिंतीच्या भोकातून बाहेर राहिलेले त्याचे दोन पाय दिसले. तो पोटावर सरपटत पलीकडच्या कप्प्यात चालला होता.

हाक मारून उपयोग नव्हता. ती शिडीवरून जवळजवळ पडतच उतरली आणि तिनं त्याचे घोटे धरले. तो दचकून मागे आला. डोक्यापासून कमरेपर्यंत भिजलेला.

"तू इथे?" तो म्हणाला. त्यानं भोकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अगं, तू तिकडून बोलावतेयस ना? केव्हाची ये ये करतेयस."

६

घरी आल्यावर दोघं बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिली. बेकरीची फट दुसऱ्या दिवशी इंजिनिअरच्या माणसांनी बुजवली, म्हातारीला काही झालं नाही. ते नंतर कळलं. त्या वेळी दोघांच्या डोक्यात एकच होतं.

"धंदा बंद करू," ताई म्हणाली.

धाकट्यानं उठून मोरीवरच्या पाइपावर तळवा ठेवला. थोड्या वेळानं काढला. "इथपर्यंत आलंय ते. धंदा बंद करून घर कुठे नेणार?"

ताईनं मोरीचा नळ आणखी घट्ट आवळला.

"ते वाईट आहे असं मला वाटत नाही, ताई. तू ये म्हणालीस, ते आलं. आपण जे करतो तेच करतं. बंद करतं, सोडतं, बोलावतं." तो जरा थांबला. "दुसरं काही त्याला येतच नाही. आपल्यालाही कुठे येतं? जा म्हणायचा ठोका आपल्याकडे नाहीच."

खरंच नव्हता. काम संपलं की दोघं बरोबरच निघायची. कुणी कुणाला जा म्हणायची वेळच आली नव्हती.

"मग करू या एक," ताई म्हणाली. "चार."

"त्याला कसं कळणार?"

"तुला कसं कळलं होतं? बाबा ठोकायचे आणि आई हाताला धरून न्यायची. बघून बघून शिकलास."

त्यांच्या घरासमोरून कालवा जायचा, आणि कालव्याला लागून गावभर लोखंडी कठडा होता. घराचा पाइप त्याच कठड्याला पकडी मारून नेलेला. सकाळी धाकटा कठड्यावर हात ठेवून उभा राहिला. ताईनं घरातून चार ठोके दिले. तो कठड्यावरून तळवा फिरवत चालत निघाला, पार वळणापर्यंत. तिनं तीन दिले. तो परत आला. चार, गेला. तीन, आला. दुपारपर्यंत त्याच्या चपलेचा अंगठा तुटला.

शेजारीण दारात उभी राहून बघत होती. "काय हो ताई, भावाला घराबाहेर काढताय की घरात घेताय? एकदाचं ठरवा तरी!"

"विचार चाललाय," ताई म्हणाली.

संध्याकाळी तिनं धाकट्याला आत बोलावून खुर्चीवर बसवलं, हात मांडीवर ठेवायला लावले, आणि मोरीच्या पाइपावर चार ठोके दिले.

आधी काही नाही. मग भिंतीच्या आत काहीतरी सरकलं. लांबलचक, ओलं, वजनदार. ते खाली गेलं, फरशीखालून रस्त्याकडे गेलं, आणि लांब लांब जात ऐकू येईनासं झालं. नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब थरथरला आणि पडला.

ताईनं दांडी लावून रात्रीच्या जेवणापर्यंत ऐकलं. भिंत नुसती भिंत होती. तिचा जीव भांड्यात पडला. धाकट्यानं त्या दिवशी चपलेसकट तिच्या पलंगावर आडवं होऊन घोरायला सुरुवात केली, आणि ती रागावली नाही.

७

त्यानंतर पुन्हा कामं सुरू झाली. एका म्हाताऱ्या जोडप्याचं, एका छापखान्याचं, एका माणसाचं, ज्याला बायको सोडून गेली होती आणि गळती नव्हतीच. त्याला फक्त कुणीतरी यायला हवं होतं. त्याच्याकडे दोघं तासभर बसली. सगळीकडे शांतता होती. धाकटा पुन्हा तळघरात उतरायला लागला, ताई पुन्हा तीन ठोके द्यायला लागली, आणि तीन ठोक्यांवर फक्त धाकटाच यायचा.

मग एका नर्सचं काम आलं. तिचं घर कालव्याच्या काठावरच्या जुन्या इमारतीत. ती रात्रपाळी करून आलेली, डोळे मिटत होते. "तुम्ही शोधा," ती म्हणाली, "मी उभ्या उभ्या झोपते. पडले तर धरा." तिच्या झोपायच्या खोलीतल्या भिंतीतून पाण्याचा आवाज यायचा आणि दिवसा तिला झोपच लागत नसे. हल्ली इंजेक्शन देताना तिचा हात कापायचा. त्याचीच तिला धास्ती होती.

दुपारची वेळ. खिडकीतून ऊन येत होतं. खालून एक ठोका आला, पाणी थांबलं. ताईनं जागा शोधली, फुली मारली, तीन ठोके दिले.

धाकटा आला नाही.

जिन्यात थांबला असेल, कुणाशी बोलत असेल, असं म्हणून तिनं दांडी पुन्हा भिंतीला लावली. नुसती सवय म्हणून. तेव्हा तिला खालून, तळघराच्या बाजूनं, ते ऐकू आलं. चार ठोके. पहिला जरा ओढून दिलेला.

तिच्या हातातली दांडी भिंतीवर घासली गेली. नर्स जागी झाली. "काय झालं?"

ताई केव्हाच जिन्यात होती.

तळघरात कुणी नव्हतं. व्हॉल्व्ह बंद, दिवा चालू, पाना नीट कडीला टांगलेला. फाटकाशी वॉचमन खुर्चीत बसून पेपर वाचत होता.

"दादा? आत्ताच गेले की. मी म्हटलं, काम झालं का? तर म्हणाले, ताईनं जा म्हटलंय." त्यानं पेपरवरून तिच्याकडे पाहिलं. "तुम्हीच ना म्हटलंत? तुम्ही होताच की त्यांच्याबरोबर."

तिनं विचारलं नाही की कोण होतं. ती फाटकाबाहेर पडली.

कालव्याच्या कडेनं रस्ता लांबवर सरळ जात होता. ऊन इतकं होतं की कठडा पांढरा दिसत होता. तिथे, बराच पुढे, धाकटा चालला होता. एक खांदा उतरलेला, तळवा कठड्यावरून फिरवत, मागे न बघता, दिवसभर शिकवलं होतं तसा. आणि त्याच्या पलीकडून कुणीतरी चालत होतं. त्याच्याएवढंच उंच. मान एका बाजूला कललेली, एखाद्या भिंतीला कान लावलाय आणि भिंतच त्याच्याबरोबर चालतेय अशी. इतक्या उन्हात त्याच्या पायांखाली रस्ता ओला होत होता.

दोघं वळणाच्या जवळ पोचली होती. वळणापुढे कालवा जमिनीखालच्या मोठ्या जलवाहिनीत शिरतो आणि रस्ता संपतो.

ताई धावली, पण तिला कळत होतं की आपण पोचणार नाही. हाक त्याला ऐकू जाणार नव्हती. लोखंडावर हात होता तोवर एकच गोष्ट त्याच्यापर्यंत जाणार होती, आणि ती एकट्या त्याच्यापर्यंत जाणार नव्हती. असा ठोका त्यांच्याकडे नव्हता की जो एकालाच बोलावेल.

तिनं फार विचार केला नाही. हातातली दांडी उचलली आणि कठड्यावर तीन ठोके दिले.

वळणापाशी धाकटा थांबला. त्याच्या पलीकडचंही थांबलं. मग दोघंही एकदमच वळली आणि परत यायला लागली. जवळचं कोण आणि पलीकडचं कोण, हे उन्हात इतक्या लांबून नीट कळत नव्हतं.

ताईनं पुन्हा तीन ठोके दिले. पुन्हा तीन. थांबून चालणार नव्हतं. ती थांबली असती तर त्या पलीकडच्यानं चार दिले असते, आणि तो पुन्हा फिरला असता.